मध्ययुगीन दख्खनी किल्ल्यांतील निवाससज्जा व गृहसुख : जालना परिसराच्या विशेष संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात किल्ल्यांना मानाचे स्थान आहे. तथापि, किल्ल्यांविषयीचे बहुतांश लेखन तट, बुरूज, दरवाजे, वेढे आणि लढाया यांभोवती फिरते. किल्ला कोणी बांधला, कोणी जिंकला व कोणाच्या हातून गेला, याचा तपशील अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक गोळा केला आहे. मात्र त्या तटांच्या आत माणसे वर्षानुवर्षे राहत होती. ती कशावर बसत, कशावर निजत, उन्हाळ्यात गारवा कसा मिळवत, रात्री उजेड कसा करत, स्नान व शौचाची व्यवस्था कशी होती, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिले आहेत.

या उपेक्षेमागे एक कारण आहे. आज किल्ल्यावर जाणाऱ्यास जोती, उघडे चौथरे, रिकामे कोनाडे व बुजलेली टाकी एवढेच दिसते. त्यावरून मध्ययुगीन किल्ल्यांतील जीवन मुळातच रूक्ष व सोयीविना होते, असा समज रूढ झाला आहे. दगड टिकला आणि कापड, लाकूड व माणसांचे श्रम टिकले नाहीत, या साध्या गोष्टीचा विचार या समजात झालेला नाही. दख्खनी किल्ल्यांतील गृहसुख हे प्रामुख्याने पाणी, वारा, कापड आणि सेवकवर्गाचे श्रम या चार गोष्टींवर उभे होते. म्हणूनच ते अवशेषांत सहजी दिसत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मध्ययुगीन दख्खनी किल्ल्यांतील निवासी भागाच्या सजावटीचे व सोयींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या सोयींमागील व्यवस्था, म्हणजे कारखाने व सेवकवर्ग, यांचा आढावा घेणे.
३) जालना परिसरातील वास्तूंचे या दृष्टीने महत्त्व अधोरेखित करणे.

अभ्याससाधने व मर्यादा

प्रस्तुत अभ्यासासाठी ‘मानसोल्लास’, ‘आईन-ए-अकबरी’, ‘राजव्यवहारकोश’ व ‘आज्ञापत्र’ हे ग्रंथ, इब्न बतूताचे प्रवासवर्णन, औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर आणि प्रत्यक्ष वास्तूंचे अवशेष यांचा आधार घेतला आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीची या भागाची माहिती औरंगाबाद जिल्ह्याच्या नोंदींत सापडते. कालमर्यादा बाराव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतची आहे. मस्तगडासारखी वास्तू काळाने उत्तरकालीन असली, तरी तिची रचना जुन्या दख्खनी परंपरेतील असल्याने तिचा समावेश केला आहे.

१. सुखसोयींची संकल्पना : ‘मानसोल्लासा’चा पुरावा

मराठवाड्याचा बराचसा भाग यादवांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथाच्या एका विभागात राजाच्या वीस उपभोगांचे वर्णन येते. त्यांत गृह, स्नान, आसन, शय्या, धूप, पेय जल, तांबूल व पादाभ्यंग यांचा समावेश आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, घर, पाणी, अंथरूण, सुगंध व पाय चोळून घेणे या गोष्टी ग्रंथकाराने एकाच मालिकेत ठेवल्या आहेत. वस्तू आणि सेवा यांत त्याने भेद केलेला नाही. आज ‘फर्निचर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर टेबल, खुर्ची व कपाट उभे राहते. मध्ययुगीन दख्खनी राजाच्या दृष्टीने सुखाची मोजणी अशा जड वस्तूंवरून होत नव्हती.

हीच दृष्टी पुढे शिवकाळातही आढळते. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. दहा वर्गांच्या या कोशात राजवर्ग, दुर्गवर्ग व शस्त्रवर्ग यांच्या जोडीला ‘भोग्यवर्ग’ हा स्वतंत्र वर्ग आहे. राज्य, दुर्ग व शस्त्र यांच्याबरोबर उपभोगाच्या वस्तूंचीही परिभाषा निश्चित करावी, असे कोशकारास वाटले. गृहोपयोगी व भोग्य वस्तू हा राजव्यवहाराचाच भाग मानला जात होता, याचे हे बोलके प्रमाण होय.

२. देवगिरी-दौलताबाद : राजनिवासाचा जवळचा दाखला

जालन्याच्या पश्चिमेस, छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे असलेला देवगिरी किल्ला हा या परिसरातील राजनिवासाचा प्रमुख पुरावा आहे. यादवांची ही राजधानी इ. स. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दौलताबाद या नावाने दिल्ली सल्तनतीची राजधानी केली. पुढे बहमनी, निजामशाही व मोगल राजवटींत किल्ल्यात भर पडत गेली. हत्ती हौद, हमाम, खापरी नळांचे अवशेष, चिनी महाल आणि मोगलकालीन बारादरी या वास्तू एकत्र पाहिल्या असता, येथे संरक्षणाइतकाच विचार निवासाचाही झाला होता, हे स्पष्ट होते.

चिनी महालाच्या भिंतींवर एकेकाळी निळ्या झिलईच्या फरशा बसविलेल्या होत्या. त्यांचे काही तुकडे आजही दिसतात. इ. स. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यानंतर अखेरचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला याच किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. एकच वास्तू सजावटीने महाल आणि उपयोगाने बंदिखाना ठरावी, यात मध्ययुगीन किल्ल्याचे दुहेरी स्वरूप दिसते.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी दौलताबादेत आला होता. त्याच्या वृत्तांतातील दोन नोंदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली नोंद गायक-गायिकांच्या ‘तरबाबाद’ नावाच्या बाजाराची आहे. तेथील दुकाने गालिच्यांनी सजविलेली असत आणि दुकानात टांगलेल्या मोठ्या पाळण्यासारख्या आसनावर गायिका बसत किंवा पहुडत. त्यांच्या दासी तो पाळणा हलवीत. महाराष्ट्रातील घराघरांत परिचित असलेल्या झोपाळ्याचे एक पूर्वरूप चौदाव्या शतकात या परिसरात सजावटीचा व सुखाचा भाग होते, असे या नोंदीवरून म्हणता येते. झोपाळा हे केवळ आसन नाही. तो हलला की वारा मिळतो. उष्ण प्रदेशातील गरजेतून आलेली ही सोय आहे.

दुसरी नोंद याच्या अगदी उलट आहे. किल्ल्यातील अंधाऱ्या कोठड्यांत मांजरापेक्षाही मोठे उंदीर असल्याचे व मांजरेही त्यांना भिऊन पळत असल्याचे तो ऐकीव माहितीवरून सांगतो. यातील अतिशयोक्ती वगळली, तरी धान्य साठविणाऱ्या किल्ल्यांत उंदीर हे गंभीर संकट होते, यात शंका नाही. गालिच्यांची दुकाने आणि उंदरांच्या कोठड्या ही एकाच दौलताबादची दोन अंगे होती. गृहसुख सर्वांना सारखे लाभत नव्हते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

३. कापडाची सजावट : फरासखाना

मध्ययुगीन दालनाची खरी सजावट कापडाची होती. जमिनीवर प्रथम सतरंजी किंवा जाजम, त्यावर गालिचा, त्यावर गादी, मागे लोड, बाजूस तक्के व गिर्द्या, वर चांदवा आणि दारांना पडदे अशी ही रचना असे. हे सर्व पसरले की दालन दरबाराचे होई, आणि गुंडाळून ठेवले की तेच दालन भोजनाचे किंवा निजण्याचे होई. एकाच जागेचे दिवसभरात अनेक उपयोग करण्याची ही पद्धत जड लाकडी सामानाने शक्य झाली नसती. मराठीतील ‘बिछायत’ या शब्दात ही संपूर्ण व्यवस्था सामावलेली आहे.

या वस्तूंची निगा राखणारे खाते म्हणजे फरासखाना. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांत त्याची गणना होते. फरासखान्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त मिळते. अबुल फजलचा जालन्याशीही संबंध आला. अकबराच्या काळात जालना त्याच्याकडे जहागिरीने होते व दक्षिणेत असताना तो काही काळ येथे राहिला, असे गॅझेटियर सांगते. तो दक्षिणेत आला तेव्हा ‘आईन’चे मुख्य लेखन पूर्ण झाले होते. म्हणजेच ज्या व्यवस्थेचे त्याने आधी वर्णन केले, तिच्या लहान आवृत्तीसह तो या भागात वावरला असावा, असे अनुमान करता येते.

‘आईन’मधील आकडे बोलके आहेत. बादशाही मुक्कामाचा सरंजाम वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. तो उभारण्यासाठी १००० फरास, ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार व १५० झाडूवाले यांची योजना असे. सुमारे २० गज लांब व साडेसहा गज रुंद अशा एका गालिच्यास १८१० रुपये खर्च आल्याचे व जाणकारांनी त्याची किंमत २७१५ रुपये ठरविल्याचेही अबुल फजलने नोंदविले आहे. यांतील गालिचा आज पाहावयास मिळणे दुर्मीळ. पण तो पसरणाऱ्या, झटकणाऱ्या व कसरीपासून जपणाऱ्या माणसांची तर नावेही शिल्लक नाहीत. मध्ययुगीन सुखसोय म्हणजे मोठ्या प्रमाणावर माणसांची हालचाल होती, हे या आकड्यांतून ध्यानात येते.

या संदर्भात युरोपातील किल्ल्यांशी तुलना उद्बोधक ठरते. तेथेही राजे व सरदार एका गढीतून दुसरीकडे सतत फिरत. विणलेले भिंतपडदे, बिछाने व पेटारे त्यांच्यासोबत जात. फ्रेंच भाषेतील सामानाच्या शब्दाचा मूळ अर्थच ‘हलविता येण्याजोगे’ असा आहे. फरक हवामानाचा होता. लंडनच्या टॉवरमधील अकराव्या शतकातील मुख्य इमारतीत जाड भिंतींत शेकोट्या व शौचालये योजली होती. तेथील प्रश्न उबेचा होता. दख्खनमध्ये प्रश्न गारव्याचा होता. तेथे कापड भिंतीवर चढले, कारण दगड थंड होता. येथे ते जमिनीवर उतरले आणि दारात भिजून लोंबू लागले.

४. गारवा : पाणी, वारा व वाळा

मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. अशा प्रदेशात पाण्याजवळ राहणे हेच मोठे सुख होय. अहमदनगर येथील फराहबाग हे याचे उत्तम उदाहरण आहे. निजामशाही काळात इ. स. १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा महाल चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला होता. पाण्यावरून येणारा वारा दालनांत खेळावा, अशी ही योजना होती.

दुसरी पद्धत पाण्यापर्यंत खाली उतरण्याची. जालना शहराच्या पूर्वेस असलेली गढी इ. स. १७२५ मध्ये निजाम-उल-मुल्क याच्या आज्ञेने काबिलखानाने बांधली. तिच्या बालेकिल्ल्यास ‘मस्तगड’ म्हणतात. चौकोनी आकाराच्या या गढीच्या कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज असून, बांधकामाचा काळ सांगणारा फारसी शिलालेख तेथे आहे. गॅझेटियरमध्ये या गढीतील एका मोठ्या विहिरीची व त्या विहिरीस लागून असलेल्या सज्जांची आणि खोल्यांची नोंद आहे. केवळ पाणी शेंदावयाचे असते, तर खोल्यांचे प्रयोजन नव्हते. भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी विसावा घेण्याची ही जागा असावी, असे अनुमान अशा अन्य वास्तूंच्या आधारे करता येते.

अशा वास्तू महाराष्ट्रात अन्यत्रही आढळतात. पन्हाळगडावरील अंधारबाव ही तीन मजली वास्तू असून तिच्या तळाशी विहीर आहे. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधली गेली. तिच्या बांधकामातच महालासारखे दालन काढलेले आहे. या दोन वास्तूंच्या शेजारी मस्तगडची विहीर ठेवून पाहिली, तर ती एकाकी चमत्कार न राहता एका प्रादेशिक परंपरेचा भाग ठरते. जालना शहरातील मोती तलाव, तेथून भूमिगत नळांनी शहरातील हौदांत आणलेले पाणी, सराई व हमाम यांच्या गॅझेटियरमधील नोंदीही याच जलव्यवस्थेकडे निर्देश करतात. या कामांचे श्रेय जमशेदखान नावाच्या अधिकाऱ्यास दिले जाते.

गारव्याचे तिसरे साधन वाळा होय. नदीकाठच्या गवताच्या या सुगंधी मुळांचे पडदे करून ते दारात टांगीत व त्यांवर पाणी शिंपीत. त्यामुळे आत येणारा वारा थंड व सुवासिक होई. अबुल फजल बांधकामसाहित्याच्या यादीत वाळ्याचा समावेश करतो व त्याची किंमत मणाला दीड रुपया देतो. पडद्याची वस्तू बांधकामसाहित्यात गणली जावी, यातून घर आणि घराची सजावट यांतील सीमारेषा त्या काळी किती पुसट होती, हे समजते. पिण्याचे पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग होई. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालून त्यात पाण्याची बंद सुरई पाव तासभर हलवीत राहिल्यास आतील पाणी थंड होते, अशी कृती ‘आईन’मध्ये आहे. बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक आबदारखान्यात गारव्यासाठी वापरला जात होता. अर्थात हा उपाय श्रीमंतांचा; शिबंदीतील सामान्य माणसास मातीचा रांजणच आधार होता.

५. स्वच्छता व निगा : रायगड आणि ‘आज्ञापत्र’

शिवकालीन रायगडावर इ. स. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. गडाच्या बालेकिल्ल्यातील राणीवशाचे अवशेष पाहिले असता, एका ओळीत असलेल्या निवासांना स्वतंत्र शौचकूप जोडलेले दिसतात. सांडपाणी उतारावरून बाहेर नेण्याची योजनाही तेथे आढळते. निवासाला लागून शौचाची सोय ही त्या काळातील मोठी सुविधा होती. मात्र वरचे लाकडी खांब, तुळया व छप्पर आज नाहीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफगोळ्यांचा मारा केला, तेव्हा लागलेल्या आगीत राजवाडा भस्मसात झाला. पुण्यातील शनिवारवाड्याची लाकडी दालने इ. स. १८२८ मधील आगीत अशीच नष्ट झाली. आज दिसणारा उघडेपणा हा मूळचा साधेपणा नसून विध्वंसाचा परिणाम आहे, हे या दोन घटनांवरून सिद्ध होते.

लाकूडकाम टिकले असते तर काय दिसले असते, याची कल्पना बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालावरून येते. सोळाव्या शतकात अली बरीद याच्या काळात सजविलेल्या या महालात कोरीव लाकडी खांब आणि काळ्या दगडात बसविलेले शिंपल्यांचे जडावकाम अद्याप पाहावयास मिळते.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (इ. स. १७१५-१६ च्या सुमारास) हे दुर्गनीतीसाठी विख्यात आहे. त्याचा गृहव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र पुरेसा विचार झालेला नाही. अमात्य सांगतात की, गडावर राजमंदिराखेरीज मोठ्या इमारतीचे घर बांधू नये. राजमंदिराच्या भिंतींचे दरज चुन्याने असे बुजवावेत की उंदीर, विंचू, किडा-मुंगी यांना थारा मिळू नये. घर रिकामे ठेवू नये. झाडलोट, सारवण व दिवाबत्ती नित्य चालू राहावी. गडावरील वाटा, बाजार व तट यांवर केर पडू देऊ नये. केर गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा आणि त्याच्या राखेवर परसात भाजीपाला करावा. पाण्यासाठी एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या आवाजाने झरा आटण्याचा संभव असतो. म्हणून टाकी राखावीत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखी मोठी झाडे आणि लिंबे, नारिंगे यांसारखी लहान झाडे लावून जतन करावीत.

या सूचनांचा एकत्रित विचार केल्यास अमात्यांची गृहसुखाची कल्पना स्पष्ट होते. तीत वैभवाचा सोस नाही. तीत निगेचा आग्रह आहे. इब्न बतूताने ज्या उंदरांचे वर्णन केले, त्यांच्यावरील उपाय जवळपास पावणेचारशे वर्षांनंतर अमात्य चुन्याच्या दरजांत शोधतात. मोगली फरासखान्याची भव्यता आणि ‘आज्ञापत्रा’तील काटकसरीची टापटीप या एकाच गरजेच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत सुख विकत घेतले जाते, दुसरीत ते रोजच्या कामाने राखले जाते. तरीही दोन्हींत राबणारा हात भिस्ती, फरास, झाडूवाला, मशालजी व दासी-कुणबिणी यांचाच होता.

६. जतन झालेले शेजघर : सज्जनगड

किल्ल्यातील निवासाच्या वस्तू एकत्र पाहावयास मिळतील अशी स्थळे महाराष्ट्रात मोजकी आहेत. त्यांतील एकाचा संबंध जालना जिल्ह्याशी आहे. समर्थ रामदासांचा जन्म इ. स. १६०८ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, राहिले व इ. स. १६८२ मध्ये तेथेच त्यांचे निर्वाण झाले. गडावरील मठातील शेजघरात समर्थांच्या वापरातील म्हणून परंपरेने जतन केलेल्या वस्तू आहेत : पितळी खुरांचा पलंग, पाण्याचे मोठे हंडे, पिकदाणी, पानाचा डबा, कुबडी व वल्कल.

भक्तांच्या दृष्टीने हा श्रद्धेचा विषय आहे. इतिहासाच्या अभ्यासकास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सतराव्या शतकातील गडावरील एका खोलीत निजण्यास पलंग, पाण्यास हंडे, तांबुलास डबा व पिकदाणी एवढ्या वस्तू पुरेशा मानल्या जात. ‘मानसोल्लासा’ने राजासाठी सांगितलेल्या शय्या, जल व तांबूल या उपभोगांचेच हे विरक्तास साजेसे लघुरूप होय. राजा आणि संन्यासी यांच्या निवासांत वस्तूंची संख्या व मोल बदलते. त्यांचे प्रकार मात्र फारसे बदलत नाहीत. तसेच, वस्तू टिकल्या त्या कोणा राजाच्या महालात नव्हे, तर जेथे त्यांची रोज पूजा व झाडलोट होत राहिली तेथे, हेही विचारात घेण्यासारखे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मध्ययुगीन दख्खनी किल्ल्यांतील निवासी जीवन सोयींविना नव्हते, सोयींचे स्वरूप मात्र आजच्या कल्पनेहून भिन्न होते. जड व स्थिर सामानापेक्षा बिछायत, पडदे, चांदवे व झोपाळे यांवर भर होता.

२) हवामानामुळे गारवा हे सुखाचे मुख्य परिमाण ठरले. हौद, पाण्याने वेढलेले महाल, विहिरीतील दालने व वाळ्याचे पडदे ही त्याची साधने होती.

३) या सुखामागे मोठा सेवकवर्ग होता. ‘आईन’मधील १००० फरासांचा आकडा आणि ‘आज्ञापत्रा’तील नित्य झाडलोटीचा आग्रह ही एकाच वास्तवाची दोन प्रमाणे आहेत.

४) आजचा उघडेपणा हा आगी, युद्धे आणि कापड-लाकडाच्या नाशवंतपणाचा परिणाम आहे. त्यावरून मूळ जीवनाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

५) मस्तगडची विहीर व तिच्या खोल्या, तसेच मोती तलावाची जलव्यवस्था, यांचा अभ्यास लष्करी वास्तू म्हणून नव्हे, तर निवासी संस्कृतीचा पुरावा म्हणून होणे आवश्यक आहे.

कापड गेले, लाकूड जळाले, माणसे विस्मरणात गेली. तरी त्यांच्या खुणा दगडात शिल्लक आहेत. पडद्याच्या कड्या, दिव्याच्या काजळीने काळवंडलेले कोनाडे, खांबांच्या खोबण्या, न्हाणीचा उतार, खापरी नळाचा तुकडा या त्या खुणा होत. डागडुजीच्या वेळी सर्वांत आधी नाहीशी होते ती हीच सामग्री; कारण बुरूज ढासळला तर त्याची दखल घेतली जाते, कोनाडा बुजला तर घेतली जात नाही. जालना परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून मस्तगड व परिसरातील गढ्यांतील अशा खुणांची मोजमापांसह नोंद करून घेतल्यास, गॅझेटियरमधील एका वाक्याचे रूपांतर अभ्यासयोग्य पुराव्यात होऊ शकेल. किल्ले कसे जिंकले गेले, हे पुष्कळ लिहून झाले आहे. त्यांत माणसे कशी राहिली, हे लिहिण्यासाठी लागणारी साधने मात्र दरवर्षीच्या पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.